उरलेला नमुना

अणदूरच्या दूध सोसायटीत मी दुधाची फॅट मोजायचो, आणि रांगेत मला सगळ्यात जास्त छळायची ती माझी सख्खी आई. प्रत्येकाच्या दुधातून पळीभर नमुना घ्यायचा, ही रीत. तपासणीला लागायचं चमचाभर, उरलेलं सोसायटीचं. दुष्काळात कडब्याच्या पेंढीमागं वणवण फिरून जगवलेल्या म्हशीचं ते दूध. आई रोज किटली पुढं करून भांडायची, "उरलेलं वत माघारी!" नियम म्हणजे नियम, असा माझा ताठा. लोक हसायचे. मी मान खाली घालून पुढचा नंबर पुकारायचो.

मग तिचं डोकं दुखायला लागलं, हातातून किटली निसटायला लागली. पुण्याला नेलं तर मेंदूत गाठ. ऑपरेशन करून ती काढली. आठव्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेजवळ आल्या. गाठीचा एक तुकडा तपासणीला गेला होता. उरलेला अभ्यासासाठी ठेवून घ्यायला त्यांना आईची परवानगी हवी होती.

"दोन गाठी दिसायला सारख्याच असतात," त्या म्हणाल्या. "एक परत येते, दुसरी येत नाही. हे आधी कशावरून ओळखायचं, तेच शोधतोय. त्यासाठी पुष्कळ जणांचे नमुने जमवावे लागतात."

"आईची परत येईल?" मी विचारलं.

"आज नाही सांगता येत."

नमुना हा शब्द ऐकून आईनं डोळे उघडले होते.

"दुधावानीच की. दिसायला समदं पांढरं, फॅट येगळी. ह्यातून मला कळंल का?"

"तुम्हाला कदाचित नाही. पुढच्यांना कळेल."

आई म्हणाली, "ठेवा बाई, समदं ठेवा. ह्यो नमुना मला माघारी नगं."

डॉक्टरीणबाई हसल्या. मला रडू आवरेना.

दिवाळीनंतर आई पुन्हा रांगेत उभी राहिली, डोक्यावर पदर घट्ट ओढून. गाठ परत येईल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण किटली तिच्याच हातात होती आणि हात कापत नव्हता. मी नमुना घेतला, तपासणीपुरतं बाजूला काढलं आणि नियम गुंडाळून ठेवून उरलेलं तिच्या किटलीत ओतलं. रांग बघतच राहिली.

आई म्हणाली, "ह्ये आलं माघारी तर चालतंय."