घेर बंद करू नकोस

चष्मा कपाळावर चढवायचा, माझ्या हातातलं विणकाम ओढून घ्यायचं, सुई सर्रकन बाहेर काढायची आणि लोकरीचं टोक माझ्याच हातात द्यायचं. मग एकच शब्द.

"उसव."

काकूंची मला पहिल्यांदा आठवते ती ही गोष्ट. नंतर बाकीचं.

त्या गेल्यावर हॉलमध्ये शोकसभा झाली. एसी हॉल, पांढरी फुलं, फोटोला जाडजूड हार. एकेक जण उठून बोलत होता. "अतिशय शांत स्वभाव." "मृदुभाषी." "कधी कुणाला दुखावलं नाही." मी शेवटच्या रांगेत लेकीला मांडीवर घेऊन बसले होते आणि माझी कानशिलं तापत होती. शांत? जिच्या आवाजानं खाली रस्त्यावर दूधवाला सायकल थांबवून वर बघायचा, ती बाई शांत? माणूस गेल्यावर त्याचा रागसुद्धा काढून घेता, मग त्याचं उरलं काय?

म्हणून लिहितेय. मी सातवीतून शाळा सोडलेली. शब्द इकडेतिकडे होतील. होऊ देत. तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी बाई असेल, जिच्या गॅलरीत चेंडू गेला तर पोरं नवा चेंडू आणतात पण बेल वाजवत नाहीत. तिच्याबद्दल तुम्ही जे बोलत असाल ते काकूंच्या बिल्डिंगीत त्यांच्याबद्दल बोलायचे. खडूस. तिरसट. मीही पहिल्या दिवशी तेच म्हणाले होते.

आम्ही बुलढाण्याकडचे. लग्नानंतर इकडं आलो, अंबरनाथ पश्चिमेला चाळीत खोली घेतली. हे एका कंपनीत वॉचमन. मी दिवसा उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. शिवून आलेल्या पॅन्टला जिथं जिथं दोरा लोंबतो, तिथं तो मुळाशी कापायचा. दिवसभर तेच. परतताना काकूंकडं पोळ्या आणि भाजी करायचे. काका एका कारखान्यात अधिकारी होते म्हणे, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगा, तो परदेशात. घरात काकू, त्यांच्या सुया आणि त्यांचा राग.

राग कशाचाही यायचा. पाण्याच्या पंपाचा यायचा. पेपरमधल्या शुद्धलेखनाचा यायचा. फोनवर कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीला त्यांनी एकदा दहा मिनिटं धरून ठेवलं होतं. "आईला माहीत आहे का तू हे करतेस? जेवलीस का? नाही? मग आधी जेव, मग मला फसव." पलीकडून फोन ठेवला गेला, तर त्याचाही राग.

आणि सगळ्यात जास्त राग कुणी आभार मानले की. मी तर आभार मानणारीच. गॅस बंद केला का दोनदा बघणारी, कडी लावली का परत जिना चढून बघणारी, कुणी पाणी दिलं तरी हात जोडणारी. परक्या गावात काम टिकवायचं तर असंच राहावं लागतं, असं मला वाटायचं.

"काकू, तुमचे लई उपकार आहेत."

"पुन्हा उपकार म्हणालीस तर ही सुई बघितलीस का?"

त्या हिवाळ्यात गावाहून आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा फोन आला. त्यांच्याकडं असलेल्या माझ्या लेकीला खोकला झाला होता. तिकडं थंडी कडक. इकडं अंबरनाथला थंडी म्हणजे पंखा एक नंबरवर, त्यामुळे मला ते आठवतही नव्हतं, आणि त्याचंच वाईट वाटलं. कणीक मळता मळता मी बोलून गेले, की रस्त्यावरून एक स्वेटर घेते आणि पाठवून देते.

"विकतचा कशाला? विण."

"मला नाही येत काकू. शाळेतच नीट जमलं नाही काही."

"शाळेनं तुला विणकामात नापास केलं का? नाही ना? मग हात धू आणि बस इथं."

लोकर घ्यायला त्या मला घेऊन उल्हासनगरला गेल्या. दुकानदार सिंधी, म्हातारा, काउंटरवर हात पसरून उभा. त्यानं लोकरीचे गुंडे पुढं टाकले. काकूंनी एक बोटांत घासून बघितला.

"ये ऊन है की प्लास्टिक?"

"माताजी, एकदम प्युअर. धोके देखो!"

"धुवून बघायला मी परत येणार नाही. आप आओ मेरे घर धोने."

तो इतका हसला, की आत जाऊन खरी लोकर घेऊन आला. गर्द पिवळी, झेंडूसारखी. वर चहा पाजला. बाहेर पडल्यावर काकू म्हणाल्या, "लबाड आहे. पण माणूस बरा आहे." त्यांच्या तोंडून कुणाची एवढी स्तुती मी दुसऱ्यांदा ऐकली नाही.

बाया खालच्या घेरापासून वर विणत जातात, तुकडे करतात आणि मग शिवतात. काकूंना ते चालायचं नाही. आपण गळ्यापासून खाली यायचं. याला रॅगलन म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. तारेच्या गोल सुईवर गळ्याचे टाके घालायचे. पुढचा भाग, मागचा भाग आणि दोन बाह्या, यांच्या मध्ये लाल दोऱ्याच्या चार खुणा. खूण आली की तिच्या दोन्ही बाजूंना टाका वाढवायचा, एका ओळीआड एक. विणकाम छत्रीसारखं पसरत खांद्यावरून खाली येतं. कुठं शिवण नाही, जोड नाही.

सांगायला सोपं. माझं लक्ष एकीकडं, हात दुसरीकडं. एका खुणेपाशी वाढवायचं मी सारखी विसरायचे. एक बाही फुगत गेली, दुसरी सुकत गेली. काकूंनी उचलून धरलं.

"ही बाही कुणाची? कोंबडीची?"

"चालणार नाही का, काकू?"

"कोंबडीला चालेल. उसव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या दिवसांचं काम सरसर निघून पायाशी गोळा होत होतं. काकूंनी लोकर बाजूला सरकवली. "रडायचं असेल तर तिकडं जाऊन रड. भिजली की आटते." मग स्वतःच चहा टाकायला उठल्या, आणि आलं घातलं, जे त्यांना चालत नव्हतं आणि मला आवडायचं.

तीनदा उसवल्यावर खांदे जमले. विणकाम बगलेपर्यंत आलं. आता बाह्या वेगळ्या काढायच्या आणि अंग पुढं विणायचं. काकूंनी चारही भागांचे टाके सुईवरून उतरवून जाड पांढऱ्या दोऱ्यांवर घेतले, दोऱ्यांना गाठी मारल्या आणि म्हणाल्या,

"घेऊन ये तिला. बगल कुठं येते ते अंगावर घालून बघायचं असतं."

"ती गावाला आहे."

"ते माहीत आहे. कधी येणार?"

"ती नाही येत. दिवाळीला आम्ही जातो."

काकूंनी चष्मा खाली घेतला. त्यांना वाटत होतं, पोर सुट्टीला गेलीय. दोन वर्षं ती आजीकडंच आहे, आम्ही दोघं कामावर, खोलीत बघायला कुणी नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

"फोनवर माप मागवते," मी घाईघाईनं म्हणाले. मागवलंही. आत्याबाईंनी सांगितलं, एक वीत अन् चार बोटं.

"कुणाची वीत?"

"आत्याबाईंची."

"मग आत्याबाईंचा हात कापून आण. मी तुला विणायला शिकवतेय, पोस्टानं पोर वाढवायला नाही!"

मला असा संताप आला. पहिल्यांदाच आला. यांना काय जातं बोलायला? मोठं घर, बसून खायला. मी म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं काकू." आणि लगेच जीभ चावली, कारण आता हे काम गेलं असं वाटलं.

काकू उठल्या. कपाटातून एक निळा स्वेटर काढून त्यांनी माझ्या मांडीवर टाकला. मुलाचा, पण एकदाही न घातलेला. काकांच्या बदल्यांपायी मुलाला हॉस्टेलात ठेवलं होतं. काकूंनी अंदाजानं विणून पाठवला, खालून वर, तुकडे शिवून. तो परत आला. लहान झाला होता.

"खालून वाढवता येत नाही तो," त्या म्हणाल्या. "आणि कुणावर रागवायचं ते मला अजून कळलेलं नाही." मग आवाज चढला. "पोरीला इकडं आण. शाळा सुटली की ती इथं येऊन बसेल. ही खोली काय लोकर ठेवायला आहे? मी काय भिंत आहे?"

रविवारी दुपारी मी आत्याबाईंना फोन केला. भीत भीत, बोलायच्या आधीच माफी मागत. त्या फिसकारल्या. "लेकराले तिथं कोन पाह्यीन? तुह्या त्या खोलीत? राहू दे इथंच." ह्यांनीही मान हलवली, की आई म्हणते ते बरोबर. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

हात रिकामे राहवेनात, म्हणून स्वेटर घेऊन बसले. डोकं भणभणत होतं. हातात कधी कात्री आली कळलं नाही. पांढरे दोरे लोंबत होते. लोंबतोय तो कापायचा, मुळाशी, हेच तर हात दिवसभर करतात. कच, कच. शेपटी इतकी जवळ छाटली की गाठ सुटली, आणि एका बाहीचे टाके एकामागून एक खाली घसरले.

मी ते तसंच पदरात गुंडाळून काकूंकडं नेलं. वाटेत म्हणत होते, आज ही बाई मला जिन्यावरून ढकलणार. काकूंनी बघितलं. चष्मा कपाळावर गेला नाही. उसव म्हणाल्या नाहीत.

"कात्रीनं?"

"हो. लोंबत होते."

"कुणी शिकवलं तुला, की लोंबतं ते टाकाऊ? अगं, दोरा लोंबतो म्हणजे काम राहिलंय!"

त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की शेजारच्यांनी दार उघडून बघितलं. पण त्या माझ्यावर ओरडत नव्हत्या. मला ते कसं कळलं सांगता येणार नाही, पण कळलं. घसरलेला प्रत्येक टाका त्यांनी मलाच सुईनं उचलायला लावला, वर वर चढवत, ओळीओळीनं. सगळे हाताला लागले. एकही सांडला नाही. त्यांच्या गॅलरीत उभी राहून मी परत फोन लावला.

"आत्याबाई, मी पोरीले न्यायले येतेय. विचारत नाही, सांगतेय."

माझाच आवाज मला ओळखू येईना. मागं काकू कुकरची शिट्टी ऐकत असल्यासारखं तोंड करून उभ्या होत्या.

लेक आली. पाच वर्षांची, माझ्याकडं पाहुण्यासारखी बघणारी. काकूंनी तिच्या डोक्यातून ते दोऱ्यांवरचं विणकाम घातलं, बगलेत बोट घालून बघितलं आणि कडाडल्या, "एवढी बारीक? काय वारा खाऊन राहत होतीस?" पोर घाबरली नाही. तिनं विचारलं, "तू कायले ओरडतं?" काकूंनी चष्मा कपाळावर चढवून तिला नीट बघून घेतलं.

मग शाळा सुटली की ती तिथंच. दोघी भांडायच्या. पोळ्या लाटताना मला आतून दोन आवाज ऐकू यायचे आणि कोणता मोठा ते सांगता यायचं नाही.

स्वेटर कमरेपर्यंत आला तेव्हा मी टाके बंद करायला घेतले. काकूंनी हात धरला. "घेर बंद करू नकोस. दोऱ्यावर ठेव. पोर वाढतेय, दिसत नाही का तुला? दरवर्षी चार बोटं विण." आणि खालचा पूर्ण घेर पांढऱ्या दोऱ्यावर घेऊन त्यांनी अशी गाठ मारली, की ती दातांनीही सुटली नसती. टोकं लांब सोडली.

त्यानंतरच्या वर्षी त्या गेल्या. दुपारी, खुर्चीत, पंखा चालू ठेवून. घर विकायला मुलगा आला.

शोकसभेत सर्वात शेवटी तोच बोलला. "आई माझ्यावर आयुष्यात एकदाही ओरडली नाही." माझा राग तिथं एकदम अडकला. खोटं बोलत नव्हता तो. हॉस्टेलातून सुट्टीला आलेल्या मुलावर कोण ओरडतं? त्याला ती आई मिळालीच नव्हती. ती माझ्या लेकीला मिळाली, मला मिळाली.

एसीमुळे लेक कुडकुडत होती म्हणून मी तिला पिवळा स्वेटर घातला होता. अंबरनाथात तो अंगावर घालायला अशीच जागा लागते. सगळे डोळे पुसत उठत असताना, काकूंची कुणी एक भाची, चांगली साडी, चांगलं बोलणं, लेकीपाशी वाकली. "अगं बाई, धागा निघालाय हिचा." आणि तिनं घेराच्या त्या लांब पांढऱ्या टोकाला धरून ओढायला सुरुवात केली.

"हात लावू नका!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. मुलगासुद्धा. त्या शांत, मृदुभाषी सभेत तेवढा एकच आवाज काकूंचा होता, आणि तो माझ्या तोंडून निघाला होता. मी माफी मागितली नाही. लेकीनं स्वतःचा घेर दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि त्या बाईला सांगितलं,

"काम राहिलंय अजून."