बाभळीची फांदी आणि वीस ताटं

आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाल्यानंतरच्या एका दसऱ्याआधी मुलीच्या शाळेनं नागपूरहून एक बाई बोलावल्या. जपानी पुष्परचनेतून मुलांना निसर्गाची ओळख करून द्यायची होती म्हणे. भांडी माझ्या दुकानातून मागितली. सायकलवर गंज-घागरी लादून पार राज्याच्या सीमेवरच्या बपेऱ्यापर्यंत विकत फिरलेला माणूस मी. फुकट काही देत नाही. पण मुलगी सहावीत होती. वीस पसरट पितळी ताटं दिली, काड्या उभ्या राहाव्यात म्हणून खिळ्यांच्या चकत्याही कारागिराकडून करून घेतल्या.

मुलगी दोन दिवस कारध्याला नदीकाठी हिंडली. बाभळीची एक वाकडी फांदी आणि कासाच्या गवताचा एक तुरा, एवढंच तिनं लावलं. "बाकी जागा रिकामीच ठेवाची असते, बाबा," ती म्हणाली. मी त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिलो.

प्रदर्शनाच्या सकाळी गेलो तर तिची बाभूळ कचऱ्याच्या टोपलीत. पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोरच्या पाच ताटांत विकतचे जरबेरा खोचलेले, वर सोनेरी रंगाचा फवारा. पाण्यावर त्याचा तवंग, रॉकेलसारखा वास.

हेडबाईंना विचारलं, "इच्या ताटाले हात कोणं लावला?"

"पाहुणे येऊन राहिले, शेठजी. त्यांच्यासमोर काटे काहून ठेवाचे?"

"मंग हा निसर्ग कोणत्या दुकानातून आणला? फांदी परत लावा, नाही तर मी ताटं नेतो."

सौद्यात मी जन्मभर हेच केलं. उठायचं, चार पावलं चालायचं. समोरचा हाक मारतोच.

"न्या ना मग," त्या म्हणाल्या. "प्लास्टिकचे ट्रे हायेत आमच्याकडे."

बोललेलं मागे घेणं मला कधी जमलं नाही. ताटं उपडी करत सुटलो. मागच्या रांगांतलीही, पोरांनी स्वतः लावलेली: झेंडू, आघाडा, धानाच्या लोंब्या. पोरं भिंतीला चिकटून उभी होती.

मुलगी एवढंच म्हणाली, "त्यांची कायले सांडली, बाबा?"

त्या सोनेरी फवाऱ्याची किळस आजही जात नाही. हेडबाईंना मी माफ केलेलं नाही. पण दुपारी मुलीला न्यायला गेलो तेव्हा ती जमिनीवर बसून, ओल्या लोंब्या वेचून, इतरांची फुलं प्लास्टिकच्या ट्रेंमध्ये पुन्हा लावून देत होती. स्वतःसाठी ट्रे तिनं मागितलाच नाही.