रिक्षाने रस्ता ओलांडणारा भाडेकरू

समोरच्या दुकानात जाण्यासाठी रिक्षा करणारा माणूस साऱ्या पुण्यात एकच होऊन गेला, आणि तो आमचा भाडेकरू होता. खराडीत आमच्या वरचा फ्लॅटही आमचाच. तो आम्ही एका कंपनीला दिला आणि कंपनीने त्यात हा फिनलंडचा इंजिनिअर आणून ठेवला. सव्वासहा फूट उंच, पन्नाशीला टेकलेला, आणि इतका शांत की वर माणूस आहे की नाही हे बघायला आमचे हे दोनदा जिना चढून गेले. सहा आठवडे राहून बघायचं आणि जमलं तर दोन वर्षं थांबायचं, असं त्याचं कंपनीशी ठरलं होतं.

पहिल्याच रविवारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालताना तो खाली झेब्रा पट्ट्यांपाशी उभा दिसला. कपडे वाळत घातले, कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, तरी तो तिथेच. मी खाली गेले. आमचं बोलणं इंग्रजीतून चाले. "कोणाची वाट बघताय?" मी विचारलं. समोरून धो धो वाहणाऱ्या गाड्यांकडे बोट करून तो म्हणाला, "यांची. हे थांबतील ना?"

मी मनात म्हटलं, झालं!

त्याचं पुणे रस्त्याच्या अलीकडे संपलं. अलीकडे काय, तर एक मेडिकल, एक टाइल्सचं दुकान, एक केकवाला आणि केळ्यांची गाडी. भाजी, वाणी, इस्त्रीवाला सगळे पलीकडे. त्यामुळे पहिले दहा दिवस हा माणूस केळी, केक आणि मेडिकलमधल्या ग्लुकोजच्या बिस्किटांवर जगला. ऑफिसची गाडी फाटकात येत असे, त्यामुळे नोकरी तेवढी वाचली. फोनवरून भाजी मागवा म्हटलं, तर आपल्या कांद्यासाठी दुसऱ्या माणसाने तो रस्ता ओलांडावा, हे त्याच्या तत्त्वात बसेना. शेवटी त्याने रिक्षाचा शोध लावला. रिक्षा पुढच्या यू-टर्नपर्यंत जाई, वळून समोर येई आणि परत तशीच आणून सोडी. रिक्षावाला आमच्या ह्यांना म्हणाला, "काका, पहिल्या दिवशी मी सांगितलं, साहेब, हे काय समोर दिसतंय दुकान! तर म्हणे, हो, तिथेच जायचंय. आणि वळताना डोळे मिटून घेतात हो!"

मी त्याला रीतसर शिकवायला घेतलं. "थांबायचं नाही, पळायचं नाही, आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांत तर मुळीच बघायचं नाही. बघितलंत की त्याला कळतं, तुम्ही त्याला पाहिलंय. मग तो कशाला थांबेल?" त्याने हे वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, "पण मॅडम, डोळ्यांत न बघता कोणाला थांबायची विनंती कशी करायची?"

पाचव्या आठवड्याच्या शेवटी तो केक घेऊन खाली आला. सोमवारी कंपनीला नकार कळवणार होता. "काम चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. पण ज्या शहरात मला पलीकडे जाता येत नाही, तिथे मी राहतो असं कसं म्हणू?" मी आग्रह करणाऱ्यांतली नाही. ठीक आहे म्हटलं. केक मात्र त्या दिवशी न कापता तसाच फ्रिजमध्ये ठेवला.

रविवारी सकाळी नऊला मी पिशवी घेऊन निघाले, तर स्वारी सवयीने काठावर उभी. मागून आमच्या गल्लीतल्या आजी काठी टेकत आल्या. त्या मूळ गावच्या, या भागात शेतं होती तेव्हापासूनच्या. त्यांचा म्हसोबा पलीकडे. रोज नातसून स्कूटरवरून सोडायची, ती त्या दिवशी माहेरी गेलेली. आजींनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि त्याचं मनगट धरलं. "चल रं लांब्या, पलीकडं जायचं हाय."

म्हातारीला नाही कसं म्हणणार? त्याने मोकळा हात वर केला, पहिल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहिलं, कमरेत वाकला आणि उतरला. बस थांबली. टँकर थांबला. ड्रायव्हरांना वाटलं, हा माणूस एक तर पोलिसातला असणार नाही तर वेडा, आणि पुण्यात दोघांनाही वाट देतात. तो प्रत्येकाला वाकून धन्यवाद म्हणत चालला होता. मीही पिशवी सावरत मागे. ऐन मध्यावर आजी थांबल्या, काठी डांबरावर आपटली आणि म्हणाल्या, "हितं माझी विहीर व्हती." हॉर्नचा कल्लोळ उठला. आजींना घाई नव्हती.

पलीकडे पोहोचल्यावर त्याने विचारलं, "मध्ये काय म्हणाल्या?" मी सांगितलं.

"मग त्या इथे राहायला कुठून आल्या?"

"कुठून नाही. त्या इथेच होत्या. शहर आलं."

तो म्हसोबापुढे उभ्या असलेल्या आजींकडे बघत राहिला. सोमवारी पत्र गेलं, ते दोन वर्षांच्या होकाराचं.

त्यानंतर सकाळी नऊला काठावर घोळका जमू लागला. गुडघे दुखणारे, कडेवर पोर असलेले, नुसतेच भित्रे. "लांब्या आला का?" ही विचारपूस सुरू व्हायची. तो यायचा, हात वर करायचा आणि सगळ्यांना पलीकडे न्यायचा. पावसात छत्री घेऊन न्यायचा. विहिरीपाशी आजी थांबल्या की तोही थांबायचा, मग सगळेच थांबायचे. ड्रायव्हरांनाही सवय झाली.

गेल्या वर्षी तो परत गेला. मध्यंतरी त्याचा मेसेज आला. त्याच्या गावी सिग्नल लाल होता, रस्त्यावर बर्फ होतं, आणि त्याने सवयीने हात वर केला. थांबायला कोणीच नव्हतं म्हणे. मी उत्तर पाठवलं, "हात खिशात घाला, गारठतील."

आज सकाळी मी भाजीला निघाले, तर काठावर आजी उभ्या. त्यांनी माझं मनगट धरलं. मी हात वर केला. समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाहिलं. वाकणं वगैरे मला जमणार नाही, पण तो थांबला. मध्यावर आलो तशी आजींनी काठी टेकली. मला घरी हजार कामं पडली होती, तरी मीही थांबले.