साडेतीन इंच

यशवंतमामा कुणालाही भेटले की आधी माणसाकडे पाहत नसत, त्याच्या गाडीकडे पाहत. नुसतं पाहून भागत नसे. पुढच्या चाकावरच्या मडगार्डवर पंजा टेकवून गाडी दणकन खाली दाबायची आणि सोडून द्यायची. मग मान वाकडी करून बघत राहायचं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर "निरोगी". दोनदा डोलली तर "औषिद लागंल". तीनदा डोलली तर मामा मालकाच्या खांद्यावर हात ठेवत आणि हळू आवाजात विचारत, "घरची मान्सं ह्याच गाडीत बसवता का?" माझ्या लग्नात त्यांनी आहेर दिला आणि लगोलग नवरा-नवरीची ती लाल मखमली खुर्ची दाबून पाहिली. खुर्ची दोनदा डोलली. "मांडववाल्याला बोलवा," ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "हिच्यावर जावयाला बसवू नका, येकटी पोरगीच बसवा." माझं वजन तेव्हाही नव्वदीला टेकलं होतं, त्यामुळे मांडवात कुणी माझी बाजू घेतली नाही.

हडपसरला, सोलापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि त्याला खेटून माझा एसटीडी बूथ. मामा मला नावाने हाक मारत नसत. "ओ एसटीडी!" पुढे बूथ मोडून मी इंटरनेट कॅफे काढला, पाच कॉम्प्युटर मांडले, बाहेर इंग्रजी पाटी लावली. "ओ एसटीडी, ह्या डब्यात काय दिसतंय?" एवढाच फरक पडला. मामा जाऊनही आता काही वर्षं झाली, पण अजून कुणी मोबाइलवर मोठ्याने बोलायला लागलं की मला वाटतं, आत्ता पत्र्यावर हात आपटून कुणीतरी ओरडेल.

मामांचं काम कमानींचं. जुन्या गाड्यांच्या चाकांवर एकाखाली एक पोलादी पाटे बांधलेले असतात. खड्डा आला की ते वाकतात आणि धक्का पोटात घेतात. ती कमान. मोडलेला पाटा बदलणं, बसलेला पाटा घणाने पुन्हा वळवणं, गाडी उंच करणं, खाली आणणं, हे सगळं मामा करत. "लोखंडावर चिडायचं नसतं, एसटीडी. त्याची समजूत घालायची आसती," ते म्हणत आणि घण उचलत. समजूत घालण्याचा आवाज पलीकडच्या गल्लीत जाई.

कुसुममामी, म्हणजे त्यांची पत्नी, मागच्या खोलीत ब्लाऊज शिवत. दोघंही मांजरी गावची, पण मामींची गिऱ्हाइकं सगळी शाळांमधल्या शिक्षिका, त्यामुळे मामींचं मराठी अगदी इस्त्री केलेलं. "यांचं 'हाय' मी बत्तीस वर्षं उसवतेय," त्या मला म्हणायच्या, "पण टीप पक्की आहे." मामा हे ऐकून खूश होत. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक गॅरेज, एक शिलाई मशीन आणि बेकरीवाल्याकडून घेतलेली एक जुनी व्हॅन, हा त्यांचा प्रपंच. त्या व्हॅनला नाकच नव्हतं. सपाट तोंडाची, आणि पुढची सीट थेट चाकावर. इतकी वर्षं झाली तरी उन्हात तापली की तिला पावाचा वास यायचा.

आजूबाजूला उसाच्या जागी काचेच्या इमारती उठायला लागल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं बसमधून उतरायला लागली, त्या दिवसांत मामींच्या कमरेत दुखायला लागलं. आधी वाटलं, मशीनवर बसून. मग तपासण्या झाल्या. रोग दुसरीकडे होता आणि हाडांत उतरला होता. दर मंगळवारी नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. पहिल्या मंगळवारी रिक्षाने नेलं. परत आल्यावर मामी ओट्यावर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या रिक्षावाल्याला माझ्याबद्दल काही राग होता का?"

दुसऱ्या मंगळवारी व्हॅन काढली. मामींनी पायरीवर पाय ठेवायला उचलला आणि तो गुडघ्याच्याही वर जाईना. मामा धावले.

"हात लावू नका," मामी म्हणाल्या. "माणसाला उचलतात ते एकदाच. त्याला अजून वेळ आहे."

तिसऱ्या प्रयत्नात दाराची दांडी धरून त्या चढल्या. कपाळावर घामाचे थेंब, पण पदर सारखा. मागे बसायला मात्र साफ नकार. "मागे सामान बसतं."

संध्याकाळी मामा बूथमध्ये आले, काचेचं दार लावून घेतलं आणि ट्रंक कॉल लावल्यासारख्या आवाजात म्हणाले, "एसटीडी, गाडी फुडनं खाली आणायची. पन तिला कळता कामा न्हाई."

"का? सांगा की सरळ. त्यांना चढायला सोपं जाईल."

"सांगितलं की तिला कळनार, पाय गेला. न्हाई सांगितलं तर तिला वाटनार, पाय अजून हाय."

असा मी कटात सामील झालो. बुधवारी दुपारी औषधाच्या गुंगीत मामी झोपत. तेवढ्या वेळात मामांनी पुढच्या दोन्ही कमानी उतरवल्या, एकेक पाटा काढला, उरलेल्यांचा बाक घणाने थोडा सपाट केला आणि पुन्हा बांधल्या. गाडी इंचभर खाली आली. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर पुढचा बंपर घासून पडलेली रेघ आता बंपरपेक्षा वर दिसत होती. ती लपवायला मामांनी सगळ्या भिंतीलाच चुना मारला. आजूबाजूच्यांना वाटलं, दिवाळी लवकर आली.

मंगळवारी मामी पहिल्या फटक्यात चढल्या. मी बूथच्या दारातून, नाटकातल्या दूतासारखा हात पसरून ओरडलो, "वा मामी! पाय सुधारला की!"

मामींनी आधी पायरीकडे पाहिलं, मग नव्या चुन्याकडे, मग माझ्याकडे. "हो का?" त्या म्हणाल्या. "तुम्हीही डॉक्टर झालात वाटतं बूथमध्ये बसून."

मामांचा चेहरा त्या दिवशी असा फुलला होता की मला वाटलं, रोगच बरा झाला.

पण रोग काही बुधवारची वाट पाहत नव्हता. दीड महिन्यात पाय पुन्हा पायरीशी अडखळायला लागला. मामांनी अजून पाऊण इंच उतरवली. मग अजून. चाचणीला आधी ते मला पुढच्या सीटवर बसवत. नंतर म्हणाले, "तू न्हाई चालत आता," आणि माझ्या बायकोला बसवलं. नंतर ज्वारीचं लहान पोतं ठेवलं. शेवटी शेवटी अर्धं पोतं. अर्धं पोतं सीटवर ठेवून मामा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि मग त्यांनी पट्टी लावून उंची मोजली.

आता गोष्ट अशी की गाडी खाली आणायलाही हद्द असते. कमान फार उतरवली की तिला वाकायला जागाच उरत नाही. मोठा उंचवटा आला की चाकांना जोडणारा धुरा वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो आणि तो सगळा दणका थेट सीटमध्ये येतो. मामांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आणि हडपसर ते दवाखाना या रस्त्यावर गतिरोधक तर पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखे उगवत होते. मामांनी त्यांना नावं ठेवली होती. एक 'सासूबाई', कारण दुरून दिसत नाही. आमच्या दारासमोरचा 'नगरसेवक', कारण कुणी मागितला नव्हता. प्रत्येकावरून मामा गाडी मुंगीच्या पावलाने नेत आणि विचारत, "लागलं का गं?"

"नाही," मामी म्हणत. "मऊ आहे."

पुढे पुढे मीही सोबतीला मागे बसलेला असे. मागे मऊ नव्हतं. पण मी मनाशी म्हणे, पुढे असेल.

एका मंगळवारी दवाखान्याच्या फाटकाशी आम्ही निघायच्या तयारीत होतो. मामी नुकत्याच चढून बसल्या होत्या. पाऊल पूर्वीपेक्षा चांगलं चार बोटं कमी उचलावं लागलं होतं, आणि मामा मनातल्या मनात जिंकल्यासारखे ड्रायव्हरच्या दाराकडे चालले होते. तेवढ्यात एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात हेल्मेट. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली वाकून चाकं पाहिली आणि मामांना म्हणाला, "काका, सिरियसली, कसली भारी दिसतेय! माझ्याकडे जुना पिकअप आहे, मला सेम असाच लुक हवाय. फ्रंट किती इंच डाऊन केलंय?"

मामांचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. मी मागून उडी मारली. "अहो, डाऊन कसलं, टायरमध्ये हवा कमी आहे! पंक्चर! जुनी गाडी!" मी चाकाला लाथही मारली. चाक टणक होतं, माझा अंगठा मात्र आठवडाभर सुजला.

"साडेतीन इंच," खिडकीतून मामी म्हणाल्या. "हवा बरोबर आहे."

तो मुलगा आनंदला. "वॉव, काकू, तुम्हाला पण माहितीये!"

"मी ब्लाऊज शिवते," मामी म्हणाल्या. "काकांचा पत्ता लिहून घ्या. हडपसर. काम चांगलं करतात."

गाडीने पूल ओलांडला. मग 'सासूबाई' आली. मामांचं लक्ष नव्हतं. गाडी आदळली आणि मामींच्या तोंडून "आई गं" निघालं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मामांनी गाडी कडेला घेतली.

"लागलं?"

"हो."

"आज लई जोरात गेली. माझं ध्यान..."

"दर मंगळवारी लागतं," मामी म्हणाल्या. "दुसरा पाटा काढलात तेव्हापासून."

मामा त्यांच्याकडे वळले. "मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही मला सांगितलं नाहीत, मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि तुमच्या हाताला काहीतरी काम हवं होतं. दवाखान्यात बाकावर बसता तेव्हा बघवत नाही तुमच्याकडे."

मागच्या सीटवर मी माझं नव्वद किलो जमेल तेवढं लहान करून बसलो होतो. चढायचा तो एक क्षण सोपा व्हावा म्हणून मामांनी मामींच्या जाण्यायेण्याच्या दोन तासांचं काय केलं होतं, ते त्यांना आणि मला एकाच वेळी कळत होतं. एवढ्या वर्षांत कमानीवरचा दणका तळहाताने ओळखणारा माणूस शेजारच्या सीटवरचा दणका ओळखू शकला नव्हता, कारण मामी म्हणत होत्या मऊ आहे, आणि त्यांना तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मामींनी औषधाची गोळी उशिरा घेतली, गॅरेजमध्ये खुर्ची मागवली आणि समोर बसून सगळे पाटे परत चढवून घेतले. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. "तो उलटा लावताय," त्या मधेच म्हणाल्या. खरंच उलटा होता. मामांच्या हातून असलं काही घडताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी तो काढला, पुसला, सरळ करून लावला. घण घातले, पण त्या दिवशी समजूत घालण्याबद्दल काही बोलले नाहीत.

पुढच्या मंगळवारी गाडी पूर्वीइतकी उंच उभी होती. मामी दारापाशी आल्या. मी पुढे झालो.

"तुम्ही नको," त्या मला म्हणाल्या. मग मामांकडे वळल्या. "उचला. आणि निऱ्या सांभाळा."

मामांनी उचललं. जड घण सहज फिरवणारे ते हात. ओझं हलकं लागलं म्हणून मामा तोल गेल्यासारखे दोन पावलं मागे आले.

"किती हलकी झालेय?" मामींनी विचारलं.

"न्हाई गं. हाय तशीच हायेस."

"पुन्हा लपवताय?"

मामांनी त्यांना सीटवर ठेवलं, पदर आत घेतला. "लई हलकी झालीस," ते म्हणाले.

"हं," मामी म्हणाल्या. "चला आता."

असे चार मंगळवार मिळाले. पाचव्या मंगळवारी जायचं कारण उरलं नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी तो ओळखपत्रवाला मुलगा पत्ता शोधत आला. जुना निळा पिकअप, नवाकोरा रंग, शेजारी लग्न ठरलेली मुलगी. काकू कुठे आहेत, असं त्याने विचारलं. मामांनी त्याला सांगितलं. तो ओशाळला, परत जायला निघाला. मामा म्हणाले, "थांब. काम घेतो." आणि घेतलं. दोन दिवसांत गाडी पुढून खाली आणून दिली.

पण चावी हातात देईनात. "ही शेजारी बसनार ना? हिला बसू दे. मी चालवतो." मुलगी बसली. मामांनी पिकअप आमच्या दारासमोरच्या 'नगरसेवका'वरून नेला आणि थांबवला. मी बूथच्या दारात उभा होतो.

"लागलं का?"

"नाही काका, मस्त आहे," ती हसून म्हणाली.

मामांनी गाडी मागे घेतली आणि पुन्हा नेली. या वेळी जरा जोरात. "लागलं का?"

"नाही हो. छान वाटतंय."

तिसऱ्यांदा नेली. तिने कडेला उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं. मुलाने, सांभाळून घे, अशी खूण केली. "ठीक आहे काका," ती म्हणाली, पण हसली नाही. मला वाटलं, पुढे व्हावं आणि मामांना हाताला धरून खाली उतरवावं. मी गेलो नाही.

चौथ्यांदा गाडी आदळली तेव्हा तिने दोन्ही हातांनी समोरची फळी धरली होती. "हो!" ती ओरडली. "लागतंय! पहिल्यापासून लागतंय! पाठीत जातोय दणका! झालं समाधान?"

मामांनी इंजिन बंद केलं.

"आसं पयल्याच खेपंला सांगायचं आसतं, पोरी," ते म्हणाले, आणि खाली उतरून, काढलेले पाटे परत चढवायचे म्हणून ते आणायला आत गेले.