एकाच नावाचं कॅव्हेट

टेलरबाईचा भाऊ म्हणजे नुसता विषारी माणूस. वडील गेल्यापासून तो आईला घेऊन वरच्या मजल्यावर राहायचा, आणि खाली बहिणीचं मशीन खडखडलं की याच्या कपाळाला आठी. एकदा जिन्यातच म्हणाला, कोर्टातून मनाई हुकूम आणतो आणि तुझं दुकान बंद करतो. नवऱ्याला सोडून आल्यापासून त्या पुढच्या खोलीवर बाईचं पोट होतं, आणि हा दीडशहाणा तिला रस्त्यावर काढायला निघाला!

ती तडक वकिलाकडे गेली. तो म्हणाला, कॅव्हेट दाखल करून ठेवू, म्हणजे भाऊ कोर्टात गेला तरी तुमचं ऐकल्याशिवाय हुकूम निघणार नाही. जो जो दावा लावू शकेल त्याचं नाव मात्र त्यात हवं. घर आईच्या नावावर आहे म्हटल्यावर त्यानं आईचंही नाव सुचवलं. बाई भडकलीच.

"माझी आई माझ्यावर कोर्टात जाईल? काहीतरीच काय बोलता! त्या हलकटाचं एकट्याचं नाव लिहा."

वकिलानं पुन्हा एकदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला. अशिलाशी तिच्या आईवरून कोण भांडत बसणार?

कॅव्हेटची नक्कल समोरच्याला पाठवावीच लागते, तशी ती भावाला गेली. बस म्हणावं आता हात चोळत! बाईनं बिनघोर शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर घेतली. पण भाऊ बारा गावचं पाणी प्यायलेला. नकलेत नेमकं कुणाचं नाव राहून गेलंय, हे त्यानं बरोबर हेरलं.

एका सकाळी बेलीफ हुकूम घेऊन दारात उभा राहिला. पुढचा आदेश होईपर्यंत दुकान चालवायला मनाई. बाईला कोर्टानं विचारलंसुद्धा नव्हतं. दावा आईनं लावला होता.

हुकूम मुठीत धरून ती जिना चढली. मेल्यानं म्हातारीला फसवून सही घेतली असणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. तो दारात आडवा आला, त्याला तिनं ढकलून दिलं. आई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

"सही करण्याआधी वाचलंस तरी का, आई?"

"वाचलं," आई मान वर न करता म्हणाली. "तू काय, कुठंही कमावून खाशील. मला म्हातारपण याच्याच जिवावर काढायचंय."

भावासाठी जिन्यात जुळवून आणलेल्या शिव्या बाईच्या तोंडात तशाच राहिल्या. आईला त्यातली एकही देता येईना.