सात नंबरची बाटली

सेंटच्या दुकानात वास उडून जातो, किस्से तेवढे साचून राहतात. कराडला माझं छोटंसं दुकान आहे आणि त्यातले निम्मे किस्से एकट्या सात नंबरचे आहेत. सात नंबर म्हणजे एका महागड्या परदेशी सेंटची स्वस्तातली धाकटी बहीण. पीच, स्ट्रॉबेरी आणि वरून व्हॅनिलाचा गोडवा. 'कॉपी' म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, 'इन्स्पायर्ड' म्हटलं की दोन बाटल्या नेतं!

एकदा जतकडची एक आजी आली. तिच्या मनगटावर सात नंबर मारून दिला. तिनं हुंगलं आणि विचारलं, "ह्यो लावायचा का खायाचा?"

मी खो खो हसलो. आजी हसली नाही. दुसऱ्या दिवशी नातीला बघायला पाहुणे येणार होते आणि गावात आठ दिवस टँकर आला नव्हता. पोरगी आंघोळ करणार कशानं?

वर्षभरानं आजी परत आली. म्हटलं, "जमलं का नातीचं?"

"जमलं की! पर तितं बी टँकरच हाय. औंदा मोठी बाटली दे."

दुसरा किस्सा शिवाचा. हा दवाखान्यात पोस्टमार्टमच्या खोलीत कामाला. मास्कच्या आत रोज सात नंबर मारायचा. "दादा, तुमच्यामुळं दुपारी दोन घास तरी जात्यात," म्हणायचा. मला उगाच अभिमान वाटायचा.

एक दिवस त्यानं अर्धी बाटली काउंटरवर आणून ठेवली.

"का रं, फिका पडला?"

"न्हाई. काल पोरीनं गॅदरिंगला ह्योच मारला हुता. पळत येऊन गळ्यात पडली आन् मला मढ्याचा वास आला. ढकलली तिला, दादा."

त्याला दुसरा नंबर दिला. त्या दिवशी मी कुणालाच सात नंबर दाखवला नाही.

आणि संभाजी. मलकापूरच्या पुढच्या गावचा, फौजेत होता. सुट्टी संपताना आला आणि सात नंबरच्या दोन बाटल्या मागितल्या.

"दोन कशाला, मेजर?"

"एक बायकूला, एक मला."

मी कशाला सोडतोय! "आता फौजेत लेडीज सेंट चालतो व्हय?"

तो लाजला. "लावाया न्हाई, दादा. पेटीत शिंपडणार. सहा म्हैनं तिचा वास कुठनं आणू?" जाताना परत वळून म्हणाला, "आईला कळू देऊ नका. सुनंनं सेंट लावलेला तिला खपत न्हाई. रूपा खोलीतच लावती, चोरून."

त्याची गाडी डोंगरात दरीत गेली, हे मला गावातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरवरून कळलं.

दीड महिन्यानं रूपा दुकानात आली. मी आधी कधी तिला पाहिलं नव्हतं. युनिटकडून त्याची पेटी घरी आली होती. उघडली तर सगळ्या कपड्यांना बाईचा वास! दीर म्हणाला, त्यानं तिकडं कुणी बाई ठेवली असणार. सासूनं पेटीकडं पाठ फिरवली होती.

"दादा, ह्यो माझाच वास हाय म्हणून सांगितलं, तर म्हणत्यात, नवऱ्याची अब्रू झाकाया खोटं बोलतीया."

"पण तुमची बाटली दाखवायची की."

"बायकांनी बांगड्यांसंगं ती बी टाकून दिली. वास घेतलाच न्हाई कुणी. आता तुमीच चला."

मी दुकान बंद केलं. मेलेल्या माणसाचं गुपित फोडायला निघालो होतो. त्यांच्या अंगणात दोरीवर संभाजीचे शर्ट, स्वेटर वाऱ्याला टाकलेले. वास जावा म्हणून! चार माणसं बसली होती. मी सात नंबरचं बूच काढलं आणि बाटली म्हातारीपुढं धरली. संभाजी जे बोलला होता ते जसंच्या तसं सांगितलं. सहा महिन्यांचंही सांगितलं.

दीर खाली बघायला लागला. म्हातारीनं बाटली नाकाशी नेली. मग सुनेला जवळ ओढून तिच्या खांद्याशी नाक लावलं. तिथं आता कसलाच वास नव्हता.

म्हातारी एकदम दोरीकडं धावली.

"आरं, काढा ती कापडं! पेटीत घाला, कुलूप लावा! वास उडून चाललाय!"