गजभिये मॅडमनी न ओढलेली रेघ

गजभिये मॅडम औषध तपासायच्या एचपीएलसी यंत्राच्या पंपावर तळहात ठेवून डोळे मिटत. नवख्याला वाटायचं, बाई यंत्राची पूजा करताहेत. "हवा अडकली आहे गा आत, धडधड पाह्य," असं म्हणून त्या झडप सैल करत, बुडबुडे जाऊ देत आणि मगच नमुना लावत. नागपूरच्या आमच्या औषध कंपनीतल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांची अख्खी नोकरी गेली. बाहेर ऊन किती आहे, हे त्यांना आमच्या घामावरून कळायचं.

यंत्राचं काम सांगायला सोपं. औषध द्रवाबरोबर कॉलम नावाच्या नळीतून ढकलायचं; आतले घटक एकेक करून बाहेर पडतात आणि पडद्यावर प्रत्येकाचा उंचवटा उमटतो. त्यांच्या हाताखाली शिकताना मी द्रवाचा वेग वाढवायला गेलो की बाई हातावर चापट मारत. "घाई तुले आहे, कॉलमले नाही." एकाने दिवाळीला जाताना कॉलम क्षाराच्या पाण्यातच सोडला आणि तो चोंदला, तेव्हा बाई दिवसभर त्यातून हळूहळू कोमट पाणी सोडत बसल्या. "अडकलेल्याले जोर लावू नये," एवढंच म्हणाल्या.

लेकीच्या बाळंतपणासाठी त्यांनी राजीनामा दिला. पुण्याचं तिकीटही काढलं. जायच्या तोंडावर लहान मुलांच्या तापाच्या सिरपमध्ये मुख्य उंचवट्याच्या पायथ्याशी एक छोटा, अनोळखी उंचवटा दिसला; म्हणजे औषधात नको ते काहीतरी होतं. साहेब आले.

"मॅडम, उंचवटे जिथून मोजतो ती खालची रेघ हातानं जराशी वर ओढा न. तो छोटा दिसणारच नाही. सही करा, उद्याच मोकळं करतो. नाहीतर चौकशी संपेपर्यंत थांबावं लागेल."

"मंग थांबते," बाई म्हणाल्या.

चौकशी रेंगाळली, बहुधा मुद्दाम. बाई रोज मनीषनगरहून यायच्या, मोबाइल बाहेरच्या कपाटात ठेवायच्या आणि तेच सिरप पुन्हापुन्हा तपासायच्या. उंचवटा दरवेळी जागच्या जागी. मला त्यांचा संताप यायचा. एका रेघेपायी लेक तिकडे एकटी! ते सिरप शेवटी नष्ट करावं लागलं, पण नात झाली ती त्याआधीच, बाई आत यंत्रापाशी असताना.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कपाट उघडलं तर मोबाइलवर नातीचा फोटो आलेला. उभ्या उभ्या पाहत राहिल्या. मला राहवलं नाही. "मॅडम, काहून अडकून राहिल्या अजून? करा सही, जा."

बाईंनी डोळे पुसले, मोबाइल परत कपाटात ठेवला.

"हिलेही ताप येईनच न गा कधी," म्हणाल्या आणि आत गेल्या.